पाटी तिची, शिडी त्याची

माझा मामा इंग्रजी शिकला तो जाहिरातींतून. त्यामुळे कुठल्याही इंग्रजी शब्दाचे त्याला एक तर दोन अर्थ माहीत असतात, नाहीतर एकही नसतो. 'सोल' म्हणजे बुटाचा तळ आणि 'सोल' म्हणजे आत्मा, हे तो झोपेतसुद्धा सांगेल; पण चमच्याला इंग्रजीत काय म्हणतात असं विचारलं तर डोकं खाजवून म्हणेल, "चमच्यावर अजून कोणाला काही सुचलेलं दिसत नाही."

त्याचा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. पण नुसती पाटी रंगवून देणं त्याला जमत नाही. दुकानाच्या नावाखाली एक इंग्रजी ओळ येणारच, आणि त्या ओळीत एक शब्द असा असणार की कानाला एक आणि अर्थाला दोन. यावरूनच गाव त्याला 'डबल' म्हणतं. लहान मुलं डबलकाका म्हणतात आणि मामी चिडली की "अहो डबल" म्हणते. बापाने ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे.

ही खोड लागली ती रद्दीमुळे. तरुणपणी ब्रश पुसायला तो रद्दीच्या दुकानातून जुनी मासिकं आणायचा. एकदा त्यात गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिकं आली. ब्रश पुसायला तो कागद अगदीच कुचकामी, रंग शोषूनच घेत नाही. मग करायचं काय? मामाने नाइलाजाने तो वाचायला घेतला. एका पानावर बुटाचं चित्र होतं आणि खाली एक ओळ. शब्दकोशात एकेक शब्द हुडकत त्याने ती ओळ सोडवली, आणि अर्थ लागला तेव्हा असा काही हसला की शेजारचा सायकल दुरुस्तीवाला पंक्चर सोडून धावत आला. त्याला वाटलं, डबलला रंगाचा वास चढला. (तेव्हा तो डबल नव्हता, पण गोष्ट सांगताना सायकलवाला तसंच सांगतो.)

तेव्हापासून असली पानं कापून घरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची, हा त्याचा अभ्यास. ते कपाट मामीच्या पांघरुणांचं. थंडीत पांघरूण काढायला गेलेला माणूस अर्धा तास परत येत नसे, कारण मामा मागून येऊन प्रत्येक ओळ समजावून सांगे. मामी म्हणायची, "हा माणूस जन्मल्यावर रडला नसणार. सुईणीला कोटी सांगितली असणार." शेवटी तिने घरात कायदा केला. जेवताना कोटी झाली की दुसऱ्यांदा भाजी नाही. मामाने वर्षानुवर्षं कोरडी पोळी खाल्ली, पण बधला नाही.

आता त्याची कामं सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मुख्य रस्त्यावर शिंप्याचं दुकान आहे. त्याच्या पाटीवर मामाने लिहिलंय, 'सो व्हॉट?' सो म्हणजे 'तर', आणि सो म्हणजे 'शिवणे'. आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला पाटी आधीच विचारते, तर काय? शिंपी सांगतो, सुरुवातीला लोक वाचून परत जायचे. त्यांना वाटायचं, शिंपी माजला. आता त्यांना सवय झाली आहे. उलट कपडे उशिरा दिले आणि गिऱ्हाईक तणतणत आलं की शिंपी काही बोलत नाही, नुसतं वर बोट करतो.

समोर पाववाला. त्याच्याकडे 'वुई नीड यू'. नीड म्हणजे गरज असणे, आणि नीड म्हणजे कणीक मळणे. पाटी लागली त्या आठवड्यात नोकरी मागायला इतके तरुण आले की पाववाल्याने मामाला बोलावून घेतलं.

"डबल, यातला दुसरा अर्थ काय रे?"

"आम्ही तुम्हाला मळतो."

"गिऱ्हाइकाला?"

"कोटीत एवढं चालतं."

आणि त्याला लागून गादीवाला. त्याची पाटी मामाच्या मते त्याच्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम. 'वुई डोन्ट लाय. यू डू.' लाय म्हणजे खोटं बोलणे, आणि लाय म्हणजे आडवं पडणे. म्हणजे, आडवे तुम्ही पडायचं, आम्ही नाही. पण ज्याला पहिलाच अर्थ येतो तो वाचतो, 'आम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता.' एक सरकारी साहेब यावरून गादीवाल्याशी इतके भांडले की त्यांना घेरी आली. त्यांना तिथल्याच गादीवर आडवं केलं. थोड्या वेळाने उठले, म्हणाले, "गादी चांगली आहे," आणि दोन घेऊन गेले. मामा ही गोष्ट अजून सांगतो. म्हणतो, "बघ. दोन्ही अर्थ खरे झाले की नाही?"

हे सगळं तो लिहितो आपल्याच लिपीत. मी गावच्या शाळेत शिकलेला. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी स्पेलिंगसाठी माझ्या हातावर इतक्या पट्ट्या ओढल्या की स्पेलिंग म्हटलं की अजून तळवा खाजतो. म्हणून मी एकदा विचारलं, "मामा, इंग्रजी ओळ इंग्रजी अक्षरांत का लिहीत नाहीस?" तर म्हणाला, "त्यांच्यात शिवायच्या सोचं स्पेलिंग वेगळं, दुसऱ्या सोचं वेगळं. एक लिहिलं की दुसरा रुसतो. आपली लिपी दिलदार. दोघांना एकाच खुर्चीत बसवते."

पण या माणसाची खरी गंमत पाटीत नाही, शिडीत आहे.

पाटी खिळे मारून पक्की झाली की दुसरा रंगारी शिडी उचलून घरी जातो. मामा जात नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या एका तरी माणसाने पाटी वाचावी आणि हसावं. तोवर शिडी जागची हलत नाही. हसणारा बाहेरचा हवा. दुकानदार नको, दुकानदाराचा मेहुणा नको. आणि हसू खरं हवं. खोटं हसू मामाला लांबून कळतं. म्हणतो, "खोटं हसणाऱ्याचे खांदे हलत नाहीत." मग तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहतो, हातात चहा, नजर लोकांच्या खांद्यांवर. कधी काम पाच मिनिटांत होतं. पाववाल्याच्या वेळी जेवणाची वेळ टळून गेली आणि शेवटी हसलं ते कोण, तर नोकरी मागायला आलेलाच एक तरुण.

याला कारण आहे. एकदाच त्याने शिडी आधी काढली होती. गिऱ्हाईक होता घड्याळवाला, आणि घड्याळवाल्याला फार घाई होती. कोणी हसलेलं नसताना मामाने शिडी उचलली. पुढच्या हंगामाच्या आत घड्याळवाल्याचं दुकान बंद! आता त्याच्या बायकोला हे गावच आवडत नव्हतं आणि त्याच्या सासऱ्याने त्याला दुसरीकडे मोठं दुकान काढून दिलं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मामालाही माहीत आहे. पण तो मान हलवतो. "पाटी उपाशी राहिली रे," म्हणतो. "पाटीला पहिलं हसू मिळालं नाही की दुकान धरत नाही."

तर अशा माणसाची एकुलती एक मुलगी दातांची डॉक्टर झाली.

ताई माझ्याहून थोडी मोठी. हुशार, आणि चेहऱ्याने अशी गंभीर की लहानपणी आम्ही लपाछपी खेळतानासुद्धा ती राज्य घेताना नियम वाचून दाखवायची. तिला असं व्हावंच लागलं. शाळेत तिने निबंध चांगला लिहिला तर मास्तर म्हणायचे, "डबलची मुलगी ना?" आणि वर्ग हसायचा. वाईट लिहिला तरी तेच, आणि वर्ग हसायचाच. मोठ्या शहरात जाऊन ती शिकली, तिथल्या दवाखान्यात काही वर्षं हात बसवला, आणि मग ठरवलं की आपल्याच गावात दवाखाना काढायचा. गावात दातांचा डॉक्टर नव्हता. दात दुखला की लोक लवंग धरायचे, नाहीतर गप्प बसायचे.

जागा मिळाली ती नेमकी गादीवाल्याच्या शेजारी. खुर्ची आली, डोक्यावर वाकणारा दिवा आला, चूळ भरायचं भांडं आलं. राहिली पाटी.

त्या रात्रीच्या जेवणाला मी होतो. मी पाणीपुरवठा कार्यालयात असतो, पण मामीच्या हातचं जेवायला मला कारण लागत नाही. मामा पहिल्या घासापासून अस्वस्थ. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"डॉक्टरीणबाई," तो ताईला म्हणाला, "ऐक. 'ब्रेस युवरसेल्फ'. ब्रेस म्हणजे दातांना लावायची तार, आणि ब्रेस युवरसेल्फ म्हणजे..."

"सावर स्वतःला," ताई म्हणाली. "बाबा, माणूस दाराशी येतो तेव्हा आधीच घाबरलेला असतो. त्याला दारावरच सांगायचं, सावर रे बाबा?"

"भाजी गेली," मामी म्हणाली आणि भाजीचं पातेलं स्वतःकडे ओढलं.

"बरं, मग 'फिलिंग गुड'. दात भरतात ते फिलिंग, आणि बरं वाटतं तेही फीलिंग."

"बाबा, नाही. काहीच नको. माझं नाव, खाली दंतवैद्य, खाली वेळ. बस."

"बस म्हणजे? ओळ?"

"ओळ नाही."

मामाने घास खाली ठेवला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. त्याने आयुष्यात कितीतरी दुकानांना ओळी दिल्या, खिळ्यांच्या दुकानालासुद्धा दिली, आणि आता पोटच्या पोरीच्या दारावर ओळ नाही. "लाज वाटते का माझी?" त्याने विचारलं. नेहमीच्या आवाजात विचारलं असतं तर आम्ही हसलो असतो.

ताई मऊ झाली, पण हलली नाही. "लाज नाही हो. पण मला आयुष्यभर लोकांनी डबलची मुलगी म्हणून पाहिलं. आता त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडून बसायचंय. मी हातात चिमटा घेऊन उभी असताना त्यांना हसू आलं तर? पहिल्याच दिवशी माझं हसं झालं ना, तर कोणी येणार नाही. लोकांनी माझ्याकडे दात काढायला यावं, बाबा. दात काढत येऊ नये."

मग मामाचे डोळे चमकले.

"अगं! हेच! हेच लिहू!"

"बाबा!"

"मराठीत पहिल्यांदा सुचलंय घरात कोणाला!"

"हिलाही भाजी नाही," मामी म्हणाली. ताई लाल झाली. मला वाटतं तिला स्वतःचाच राग आला होता. रक्तातलं असं जेवताना बाहेर यावं!

शेवटी मामाने शब्द दिला. पाटीवर नाव, दंतवैद्य, वेळ. एक अक्षर जास्त नाही. आणि मामा शब्दाचा पक्का आहे, मग त्या शब्दाचे अर्थ कितीही असोत.

दवाखाना उघडायच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. पाटी खरंच सुंदर झाली होती. पांढऱ्यावर गडद निळी अक्षरं, अशी नितळ की जणू दात घासून बसली आहेत. वर ताईचं नाव, मग 'दंतवैद्य', मग 'सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ, रविवार बंद'. मामाने शेवटचा खिळा मारला, खाली उतरला, चार पावलं मागे जाऊन पाहिलं. ताई दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, थँक्यू," ती म्हणाली. "आता शिडी काढा. लोक यायची वेळ झाली."

मामा शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

"बाबा?"

"कोणी हसलं नाही अजून."

ताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती इतक्या हळू आवाजात बोलली की मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "त्या पाटीवर हसण्यासारखं काहीही नाहीये, बाबा. तुम्हीच लिहिली आहे."

"हो ना. तीच तर पंचाईत आहे."

"तुम्ही शब्द दिला होता."

"पाटीचा दिला होता. पाटी तुझी, तू म्हणशील तशी. शिडी माझी." आणि मग जरा खालच्या आवाजात, "घड्याळवाल्याचं काय झालं माहीत आहे ना तुला? तुझ्या दवाखान्याचं तसं होऊ देऊ मी?"

आता शिडी कशी होती तेही सांगायला हवं. दोन पाय पुढे, दोन मागे, मध्ये तंबूसारखी जागा. आणि ती उभी होती बरोबर दरवाज्यावर. आत जायचं तर शिडीच्या पोटातून, मामाच्या गुडघ्याला वळसा घालून वाकून जायचं. पहिल्या दिवशी नव्या डॉक्टरकडे यायचं आणि दारात डबल बसलेला! ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मामाकडे पाहिलं. मामाने चहा मागवला.

पहिला आला शिंपी. त्याने शिडी पाहिली, मामाला पाहिलं, मग वर पाटीकडे पाहिलं. मामा शिडीवर बसलाय म्हणजे वर कोटी आहे, हे गावात मुलाला विचारलं तरी सांगेल. शिंप्याने एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा लावला.

"कुठे आहे रे?"

"काही नाही त्यात," मामा खरं तेच बोलला.

"असं होय!" शिंपी म्हणाला आणि त्याने डोळा मारला. "या वेळी लपवलीय वाटतं."

तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला, लांबून बघायला. त्याच्या मागे पाववाला आला, हाताला पीठ तसंच. मग पोस्टातून निवृत्त झालेले साहेब आले; यांना गावात कोणी हसताना पाहिलेलं नाही, मामा त्यांना 'शेवटची परीक्षा' म्हणतो. थोड्याच वेळात दवाखान्यासमोर चांगली गर्दी झाली आणि सगळ्यांच्या माना वर.

"'दंत' मध्ये असेल. इंग्रजीत डेंट म्हणजे पोचा ना?"

"छे, एवढं सोपं नाही. वेळ बघ. दहा ते एक. उलटं आहे ते. दहावरून एकावर?"

"रविवार बंद," पोस्टातले साहेब गंभीरपणे म्हणाले, "यात काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते मला सांगता येणार नाही. पण आहे."

ताई आतून बाहेर आली. "काही नाहीये! साधी पाटी आहे! सकाळी दहा ते एक म्हणजे सकाळी दहा ते एक!"

"बघा," पाववाला शेजाऱ्याला म्हणाला, "तिने पण दहा ते एकवरच जोर दिला."

ती आत गेली. मी मागून गेलो. नव्याकोऱ्या खोलीत ती नव्याकोऱ्या खुर्चीशेजारी उभी होती आणि ओळीने मांडलेली हत्यारं पुन्हा ओळीने मांडत होती. "एकसुद्धा आत आला नाही," ती म्हणाली. "सगळं गाव दारात आहे आणि एकसुद्धा नाही. झालं, अरे. डबलची मुलगी ती डबलचीच मुलगी." मग अचानक ती दाराशी गेली आणि शिडीतून डोकं बाहेर काढून मोठ्याने हसली. हा हा हा!

मामाने मागे वळूनही पाहिलं नाही. "घरची माणसं चालत नाहीत. आणि खांदे हलले नाहीत."

शिंप्यानेही प्रयत्न करून पाहिला, त्याला बिचाऱ्याला तिची दया आली. तो पोट धरून हसला. मामा म्हणाला, "शिंपीदादा, तुम्ही हसताय का उसवताय?" यावर चार माणसं खरी हसली, पण ती पाटीवर नव्हे, शिंप्यावर. मामाने ती मोजली नाहीत. या बाबतीत त्याच्याइतका प्रामाणिक माणूस मी पाहिलेला नाही, आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "मामा, ती आत रडकुंडीला आली आहे."

"मला कळत नाही का?" तो चहाच्या रिकाम्या कपाशी खेळत होता. "मी शिडी काढली आणि दवाखाना चालला नाही, तर मी काय करू सांग. आयुष्यभर मनात राहील. आणि नाही काढली तर आत्ता..." तो थांबला. त्याला दोन अर्थांची सवय आहे, पण दोन्ही बाजूंनी असं कात्रीत सापडायची नव्हती. "एक हसू रे," तो म्हणाला. "एकच. इतक्या पाट्यांना मिळालं, माझ्या पोरीच्या पाटीला नको?"

एवढ्यात गर्दीच्या कडेने गादीवाला आला. त्याचं दुकान शेजारीच, पण सकाळपासून त्याने मान वर केली नव्हती. डावा गाल असा सुजला होता की त्याच्या दुकानातली उशी त्याने तोंडात धरली आहे असं वाटावं. त्याने पाटी वाचली नाही. गर्दीकडे पाहिलं नाही. शिडीपाशी आला, मामाला हाताने बाजूला केलं, वाकला आणि शिडीच्या पोटातून आत गेला.

सगळ्यांच्या माना पाटीवरून दाराकडे वळल्या.

"तो आत का गेला?" पाववाल्याने विचारलं.

"त्याला कळलं असेल," शिंपी म्हणाला.

आत काय झालं ते मी पाहिलं, कारण मीही मागोमाग आत शिरून दिव्याशेजारी उगाच उभा होतो. ताईचा चेहरा बदलला. मघाची रडवेली मुलगी कुठे गेली कळलं नाही. "बसा," ती म्हणाली. "आ करा. किती दिवस दुखतंय?"

गादीवाल्याने हाताने काहीतरी दाखवलं, बहुधा महिने.

"आणि गेला नाहीत कोणाकडे?"

"वंग," तो म्हणाला. म्हणजे लवंग.

तिने सुई दिली, थांबली, बोटाने गाल दाबून विचारलं, पुन्हा थांबली. तिचे हात पाहून मला मामाचे हात आठवले. तोही पहिलं अक्षर काढायच्या आधी असाच थांबतो, श्वास सोडतो आणि मग हात हलवतो तो थरथरत नाही. थोड्या वेळाने भांड्यात टक्क असा आवाज झाला. गादीवाला अजून दुखायची वाट पाहत डोळे मिटून पडला होता.

"झालं," ताई म्हणाली.

त्याने एक डोळा उघडला.

"झालं, काका. उठा. दोन तास काही खायचं नाही."

तो उठला. शिडीतून वाकून बाहेर गेला. आम्ही मागोमाग. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, जीभ आतल्या आत फिरवली, गालाला हात लावला. मग वळला आणि आता कुठे, पहिल्यांदाच, त्याने मान वर करून पाटी वाचली. सावकाश, ओठ हलवत. नाव. दंतवैद्य. दहा ते एक.

आणि त्याचे खांदे हलायला लागले.

अर्धं तोंड बधिर, त्यामुळे हसू एकाच बाजूने फुटत होतं. दुसरी बाजू पोस्टातल्या साहेबांसारखी गंभीर. पण हसत होता तो पोटातून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कितीतरी महिन्यांचं साचलेलं.

"काय आहे? काय आहे त्यात?" लोकांनी त्याला घेरलं. "सांग ना लेका!"

"खत माई!" तो म्हणाला. "काई खत माई!"

दुखत नाही, काही दुखत नाही, असं तो म्हणत होता. पण ते मला आणि ताईला कळलं. लोकांनी ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं. "सांगत नाही," पाववाला म्हणाला. "आत जाऊन आल्यावरच कळतं वाटतं."

मामा शिडीवरून उठला होता. तो गादीवाल्याच्या खांद्यांकडे बघत होता, आणि तसा बघत असताना त्याने बाहीने नाक पुसलं. मग काही न बोलता त्याने शिडी मिटली, खांद्यावर घेतली आणि भिंतीला लावून ठेवली. दार मोकळं झालं. पोस्टातल्या साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढून जबड्याला लावला आणि म्हणाले, "माझीही एक दाढ बऱ्याच दिवसांपासून..." त्यांच्या मागे शिंपी उभा राहिला. शिंप्याच्या मागे तीन माणसं. यांतल्या किती जणांचे दात दुखत होते आणि किती जण नुसती कोटी बघायला आत चालले होते, ते त्यांचं त्यांना माहीत. पण तोंड सगळ्यांनी उघडलं, आणि आत काही ना काही सापडलंच. गावाने इतकी वर्षं लवंगेवर काढली होती.

त्या पाटीत कोटी आहे, असं गाव अजून मानतं. साहेबांची अजूनही शंका रविवारवरच आहे. आणि दवाखान्याची वेळ या गावात कोणाला विचारावी लागत नाही; शाळेतली मुलंसुद्धा पाढ्यासारखी म्हणून दाखवतात.

संध्याकाळी आठ वाजता ताईने दिवा मालवायला हात वर केला, तेव्हा मामा आत आला. दिवसभर तो बाहेरच्या बाकावर बसून होता. "माझे पण बघ," म्हणाला आणि खुर्चीत चढला. "चला, आ करा," ताई म्हणाली. त्याने आ केला. तिने आरसा आत घातला, एक कापसाचा बोळा, अजून एक बोळा, ती थुंकी ओढणारी नळी. जन्मात पहिल्यांदा मामाला काही म्हणता येत नव्हतं.

ताईने हे पाहिलं. दाराकडे पाहिलं, मामी नाही याची खात्री केली. मग ती खाली वाकली आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली.

काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि दोघांपैकी कोणीही आजवर सांगितलेलं नाही. मी दाराशी उभा होतो. मला तिथून मामाचे खांदे दिसत नव्हते, फक्त खुर्चीच्या टोकाला पाय दिसत होते. रंगाचे डाग पडलेल्या चपला, त्या हलत होत्या, हलत होत्या, आणि शेवटी एक खाली पडली.